दार कुणाच्या हातात? गव्हर्नर माइक पेन्स आणि सीरियन निर्वासितांचा वाद

अमेरिकेत एखादं निर्वासित कुटुंब यायचं असलं की ते पोचण्याआधी त्याचं घर लावलं जातं. स्थानिक संस्था भाड्याची जागा शोधते, आणि त्या जागेत किमान काय काय हवं हे सरकारशी झालेल्या करारातच लिहिलेलं असतं. झोपायला गाद्या, पांघरुणं, टॉवेल, साबण. माणशी ताट, वाटी, पेला, चमचा. स्वयंपाकाला पातेलं आणि तवा. त्या यादीत एक गोष्ट अशी आहे की ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो: प्रवासाने शिणलेल्या माणसांना घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांच्या रीतीचं तयार जेवण मिळालं पाहिजे. म्हणजे कुणीतरी आधी चौकशी करायची की ही माणसं काय खातात, काय खात नाहीत, आणि ते शिजवून ठेवायचं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस इथे असंच एक सीरियन कुटुंब पोचणार होतं. नवरा, बायको आणि लहान मुलगा. होम्स शहरातून जीव वाचवून निघालेले, जॉर्डनमध्ये वर्षं काढलेले, तपासणीचे सगळे टप्पे पार केलेले. पोचायला अगदी थोडा वेळ उरला असताना राज्य सरकारने संस्थेला कळवलं की त्यांना इथे आणू नका. कुटुंब इंडियानात आलंच नाही. त्याला कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनला वळवण्यात आलं.

हा निरोप ज्यांच्या आदेशामुळे गेला ते गव्हर्नर माइक पेन्स. पुढच्या उन्हाळ्यात ते डोनाल्ड ट्रम्प यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्या पदावर बसले. त्यांचा तो आदेश कोर्टात टिकला नाही. तो का टिकला नाही हे नीट समजून घेतलं, तर निर्वासितांबद्दलच्या प्रत्येक वादात येणारा प्रश्न आपोआप उलगडत जातो: कुणाला आत घ्यायचं हे ठरवतं कोण, आणि ज्या गावात ती माणसं राहणार त्या गावाचं, त्या राज्याचं म्हणणं कुठपर्यंत चालतं?

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडच्या बातम्यांत 'गव्हर्नर'चं भाषांतर सर्रास 'राज्यपाल' असं होतं. शब्द बरोबर, पण चित्र चुकतं. आपला राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला असतो आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री हाकतो. अमेरिकेतल्या गव्हर्नरला लोक थेट मतदान करून निवडतात. राज्याची खाती त्याच्या हाताखाली, अंदाजपत्रक त्याचं, नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदलही एरवी त्याच्या हुकमात. म्हणजे तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, फक्त आमदारांच्या बहुमतावर त्याची खुर्ची अवलंबून नसते. आणि राष्ट्राध्यक्षपदाकडे जाणारी वाट पुष्कळदा गव्हर्नरच्या कचेरीतूनच जाते. रेगन, क्लिंटन, धाकटे बुश हे तिघंही आधी गव्हर्नर होते. त्यामुळे गव्हर्नर बोलतो तेव्हा ते आपल्या राज्याशी असतं आणि सगळ्या देशाशीही.

पेन्स यांचा जन्म १९५९ सालचा, इंडियानातल्या कोलंबस गावचा. मराठी वाचकाला हे गाव वाटतं तितकं परकं नाही. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय याच कोलंबसमध्ये आहे, आणि कोथरूडच्या कारखान्यामुळे, कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे पुण्यात कमिन्स हे नाव घरोघरी माहीत आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून कोलंबसला गेलेल्या मराठी कुटुंबांनी ते छोटंसं गाव जवळून पाहिलेलं आहे.

पेन्स यांचे वडील पेट्रोल पंपांच्या व्यवसायात होते. आईचे वडील आयर्लंडहून आलेले. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले आणि पुढे शिकागोत बस चालवून त्यांनी संसार केला. या आजोबांची आठवण पेन्स भाषणांत वारंवार काढत आले आहेत. कॉलेज, मग कायद्याचं शिक्षण, आणि लगेच राजकारण. १९८८ आणि १९९० मध्ये ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जसाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा एकाच प्रतिस्पर्ध्याकडून, फिल शार्प यांच्याकडून हरले. दुसरा प्रचार फार कडवट झाला होता. नंतर, १९९१ मध्ये त्यांनी स्वतःच लेख लिहून प्रतिस्पर्ध्यावर चिखलफेक करणं चूक होतं अशी कबुली दिली. त्यानंतरची बरीच वर्षं रेडिओवर गेली. १९९४ ते १९९९ ते रोजचा चर्चेचा कार्यक्रम चालवायचे. सूर शांत, मतं कट्टर. त्या कार्यक्रमाने त्यांना राज्यभर ओळख मिळवून दिली. २००० मध्ये अखेर निवडून आले आणि बारा वर्षं वॉशिंग्टनला राहिले. 'मी आधी ख्रिश्चन, मग कॉन्झर्व्हेटिव्ह, मग रिपब्लिकन, याच क्रमाने' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. २०१२ मध्ये गव्हर्नर झाले, पण पन्नास टक्क्यांच्या आत मतं घेऊन.

मार्च २०१५ मध्ये त्यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने एका कायद्यावर सही केली. या कायद्याच्या आडोशाने दुकानदार समलिंगी ग्राहकांना नकार देतील अशी भीती होती, आणि विरोध सगळ्यात जोरात आला तो उद्योगांकडून. कमिन्स कंपनीही त्या विरोधात होती. आठवडाभरात, २ एप्रिलला, पेन्स यांना कायद्यात दुरुस्ती मान्य करावी लागली. विरोधक आधीच रागावलेले होते, दुरुस्तीमुळे त्यांचे स्वतःचे समर्थकही नाराज झाले. २०१६ मध्ये फेरनिवडणूक होती, आणि समोर २०१२ चेच प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅट जॉन ग्रेग, उभे राहणार होते. नोव्हेंबरमधला निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. त्यामागे फक्त मतांचं गणित होतं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनात एकाच वेळी भीती, श्रद्धा आणि हिशोब असू शकतो. पण हिशोब नव्हताच असं मानायलाही मी तयार नाही.

आता १३ नोव्हेंबर २०१५. पॅरिसमध्ये एका रात्रीत १३० माणसं मारली गेली. एका आत्मघाती हल्लेखोराजवळ सीरियन पासपोर्ट सापडला आणि जगभर तीच बातमी झाली. बहुतेक हल्लेखोर फ्रान्स-बेल्जियमचे नागरिक होते हे पुढच्या दिवसांत स्पष्ट होत गेलं. काही जण मात्र खोट्या सीरियन कागदपत्रांवर, निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून ग्रीसमार्गे युरोपात शिरले होते, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण युरोपात जे घडत होतं आणि अमेरिकेत निर्वासित ज्या वाटेने येतात, त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा वाद समजायचा तर हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. युरोपात माणसं आधी पोचत होती. रबरी बोटीतून समुद्र ओलांडून किनाऱ्यावर उतरायची आणि मग म्हणायची, आम्हाला आश्रय द्या. चौकशी नंतर. अमेरिकेच्या पुनर्वसन योजनेत क्रम उलटा आहे. माणूस जॉर्डन, लेबनॉन, तुर्कस्तान अशा शेजारी देशात असतानाच त्याची फाइल उघडते. बहुधा संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था नाव सुचवते. मग अमेरिकी अधिकारी समोर बसून मुलाखत घेतात. बोटांचे ठसे, गुप्तचर खात्यांच्या नोंदी, वैद्यकीय तपासणी असं सगळं पार पडायला साधारण दीड-दोन वर्षं सहज जातात. सीरियन अर्जदारांसाठी वरून आणखी एक चाळणी होती. आपल्याला कुठल्या देशात पाठवलं जाईल हे माणूस स्वतः ठरवू शकत नाही, कुठल्या राज्यात हे तर नाहीच. शेवटी विमानाचं तिकीट मिळतं तेही कर्जाने. पोचल्यावर साधारण सहा महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात. विमानतळावर ही कुटुंबं ओळखू येतात ती हातातल्या पिशवीवरून. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची निळी अक्षरं असतात आणि आत सगळ्या आयुष्याची कागदपत्रं.

या सगळ्या यंत्रणेचा पाया म्हणजे १९८० चा निर्वासित कायदा. त्यानुसार वर्षाला किती माणसं घ्यायची हा आकडा राष्ट्राध्यक्ष संसदेशी चर्चा करून ठरवतात. २०१६ च्या आर्थिक वर्षासाठी बराक ओबामा यांनी ८५,००० चा आकडा ठरवला होता, त्यात किमान १०,००० सीरियन. माणसं गावात वसवण्याचं काम स्वयंसेवी संस्था करतात, त्यांतल्या बऱ्याच चर्चशी जोडलेल्या. आणि राज्यांचं काय? कायदा म्हणतो की केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करावी. सल्लामसलत, संमती नव्हे. अख्खी भांडणं या दोन शब्दांमधल्या अंतरात झाली आहेत.

पॅरिसनंतर दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या तीसहून अधिक गव्हर्नरांनी सीरियन निर्वासितांना विरोध जाहीर केला. जवळपास सगळे रिपब्लिकन, एखादा अपवाद डेमोक्रॅट. १६ नोव्हेंबरला पेन्स यांनी इंडियानातलं सीरियन पुनर्वसन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा मुख्य आधार होता एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांची ऑक्टोबरमधली साक्ष. कोमी म्हणाले होते त्याचा सारांश असा: सीरियातल्या एखाद्या माणसाची आमच्याकडे कधी नोंदच झाली नसेल, तर आम्ही आमच्या नोंदी कितीही धुंडाळल्या तरी काही सापडणार नाही. ही चिंता पोकळ नव्हती. २०११ मध्ये केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथे दोन इराकी निर्वासितांना अटक झाली होती, आणि त्यांतल्या एकाच्या बोटांचे ठसे इराकमधल्या बॉम्बच्या अवशेषावर मिळाले होते. त्या प्रकरणानंतरच तपासणी आणखी कडक झाली. घाबरलेल्या नागरिकाला 'तू उगाच घाबरतोस' असं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

तरी गव्हर्नरच्या हातात नेमकं काय होतं ते पाहू. देशाची सीमा त्याच्या ताब्यात नाही. व्हिसा तो देत नाही. कायदेशीररीत्या आत आलेला माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हवा तेव्हा जाऊ शकतो. इंडियानाच्या हद्दीवर नाका नाही. मग आदेशाला वजन कुठून आलं? पैशांतून. निर्वासितांना इंग्रजी शिकवणं, नोकरीसाठी तयार करणं अशा कामांचा निधी वॉशिंग्टनहून येतो, पण तो राज्य सरकारच्या हातून स्थानिक संस्थांपर्यंत पोचतो. पेन्स यांनी तो नळ बंद केला, फक्त सीरियन माणसांपुरता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, सोसायटीला नव्या भाडेकरूला गेटवर अडवता येत नाही म्हणून त्याच्याच फ्लॅटचं पाणी तोडावं, तसं हे झालं. माणूस येणारच, आल्यावर त्याचे हाल होतील एवढंच.

न्यू हेवनला वळवलेल्या त्या कुटुंबाला भेटायला कनेक्टिकटचे गव्हर्नर डॅन मॅलॉय स्वतः गेले. त्यांच्या राज्यातही सगळे खूश नव्हते. पुढच्या वर्षी त्यांना केनेडी यांच्या स्मरणार्थ दिला जाणारा 'प्रोफाइल इन करेज' पुरस्कार याच भूमिकेसाठी मिळाला. एका आठवड्यात तेच कुटुंब दोन गव्हर्नरांच्या समोर आलं. तपासणी तीच, कागद तेच, आणि एकाने नाही म्हटलं तर दुसरा घरी जाऊन भेटला.

इंडियानापोलिसमधली 'एक्झोडस रेफ्यूजी इमिग्रेशन' ही संस्था गप्प बसली नाही. २३ नोव्हेंबरला, म्हणजे घोषणेपासून बरोबर आठवड्याने, नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या वकिलांनी तिच्या वतीने गव्हर्नरविरुद्ध दावा दाखल केला. ही संस्था प्रामुख्याने ब्रह्मदेशातून आलेल्यांसोबत काम करत आली होती. इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात ब्रह्मदेशातल्याच चिन समाजाची मोठी वस्ती आहे, त्यांची दुकानं आहेत, चर्च आहेत. फोर्ट वेन शहरातही ब्रह्मदेशी लोक पुष्कळ. म्हणजे इंडियानाला निर्वासित नवे नव्हतेच. नवं होतं ते एका देशाचं नाव घेऊन त्यांना बाजूला काढणं.

दरम्यान आणखी एक प्रसंग घडला, आणि या साऱ्या गोष्टीत मला तो सर्वांत अवघड वाटतो. इंडियानापोलिसचे कॅथलिक आर्चबिशप जोसेफ टोबिन डिसेंबरच्या सुरुवातीला पेन्स यांना भेटले. कॅथलिक चॅरिटीजमार्फत एक सीरियन कुटुंब यायचं होतं, आईबाप आणि दोन लहान मुलं. गव्हर्नरांची विनंती होती की आणू नका. टोबिन यांनी ऐकून घेतलं, प्रार्थना केली, आणि काही दिवसांत ते कुटुंब इंडियानापोलिसला पोचलं. पेन्स स्वतः कॅथलिक घरात वाढलेले, स्वतःची ओळख 'आधी ख्रिश्चन' अशी सांगणारे. त्यांनी असहमती नोंदवली, पण त्या कुटुंबाच्या धान्याच्या आणि इतर मदतीच्या आड राज्य येणार नाही असंही सांगितलं. समोर प्रत्यक्ष चार माणसं आल्यावर आदेशाची धार तेवढ्यापुरती बोथट झाली. टोबिन पुढच्याच वर्षी कार्डिनल झाले.

२९ फेब्रुवारी २०१६ ला फेडरल जिल्हा न्यायाधीश टान्या वॉल्टन प्रॅट यांनी आदेशाला स्थगिती दिली. इंडियानातल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन फेडरल न्यायाधीश. त्यांचं म्हणणं दोन पायऱ्यांत समजतं. पहिली: हा आदेश उघडउघड मूळ देशावरून भेदभाव करतो, आणि राज्यघटनेने समान संरक्षण दिलेलं असताना असा भेदभाव करायला राज्याकडे फार भक्कम कारण हवं. दुसरी: सुरक्षितता हे कारण भक्कम असू शकतं, पण मग उपायाने सुरक्षितता वाढली पाहिजे. संस्थेला मिळणारे शिकवणीचे आणि मदतीचे पैसे अडवल्याने इंडियानातला कुठलाही माणूस अधिक सुरक्षित होत नाही. इंग्रजीचा वर्ग बंद केल्याने बॉम्ब थांबत नाही.

राज्याने अपील केलं. ते शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे आलं: रिचर्ड पॉझनर, फ्रँक ईस्टरब्रुक आणि डायान साइक्स. तिघंही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. साइक्स यांचं नाव तर ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर केलेल्या संभाव्य यादीत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण असा निकाल आला की तो 'त्या बाजूच्या' न्यायाधीशांनी दिला असं म्हणायची सवय आपल्याकडेही आहे. ३ ऑक्टोबर २०१६ ला तिघांनी एकमताने पेन्स यांच्याविरुद्ध निकाल दिला. पॉझनर यांनी लिहिलेला निकाल जेमतेम काही पानांचा आहे. राज्याची भीती म्हणजे दुःस्वप्नातली अटकळ आहे, पुरावा काहीच दिलेला नाही, असं त्यांनी सुनावलं. राज्याचा युक्तिवाद होता की आम्ही राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करत नाही, आम्हाला फक्त ही माणसं धोकादायक वाटतात. त्यावर पॉझनर यांनी उदाहरण दिलं: हे म्हणजे असं म्हणण्यासारखं झालं की कृष्णवर्णीयांना राज्यात मज्जाव करतो, पण ते काळे आहेत म्हणून नव्हे, तर ते धोकादायक वाटतात म्हणून. आणि इंडियाना बाकीच्या देशांच्या निर्वासितांना घेत राहणार असेल, तर एकाच देशाची माणसं वगळता येत नाहीत. मदत देताना वंश, धर्म, राष्ट्रीयत्व पाहू नये हे १९८० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. सगळी योजनाच नको असेल तर राज्याला तिच्यातून बाहेर पडता येतं.

दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, पेन्स उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जाहीर वादसभेत उभे होते आणि समोरचे डेमोक्रॅट उमेदवार टिम केन यांनी हा निकाल तिथेच त्यांच्यापुढे मांडला.

राज्याच्या प्रमुखाला याहून वेगळं वागता आलं असतं का? हा प्रश्न हवेतला नाही, कारण इंडियानाच्या जवळच, आयोवात, ते घडून गेलेलं आहे. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपलं तेव्हा ताई दाम नावाच्या छोट्या समाजाची माणसं थायलंडच्या छावण्यांत अडकली होती. त्यांची एकच विनवणी होती: आम्हाला विखरू नका, एकत्र ठेवा. तीसएक गव्हर्नरांना पत्रं गेली. आयोवाचे रिपब्लिकन गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी होकार दिला. केंद्राचं धोरण निर्वासितांना देशभर विखरून ठेवण्याचं होतं. रे यांनी त्याला अपवाद मिळवला आणि सुरुवातीलाच हजारावर माणसं आयोवात आणली. जानेवारी १९७९ मध्ये बोटीतून पळणाऱ्या व्हिएतनामी लोकांचे हाल टीव्हीवर पाहून त्यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना लिहिलं की आयोवा आणखी १,५०० माणसं घेईल. राज्यातल्या निम्म्या लोकांना हे पसंत नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. तरी ते १९८३ पर्यंत, सलग चौदा वर्षं, गव्हर्नर राहिले. २०१५ मध्ये मात्र याच आयोवाने सीरियन पुनर्वसन थांबवायची घोषणा केली. ती करणारे गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड हे कधीकाळी रे यांचेच लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरखालचे दुसऱ्या क्रमांकाचे पदाधिकारी, होते.

पेन्स यांच्या पुढच्या प्रवासात एक वळण मला आजही खटकतं. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात बंदी घालण्याची भाषा केली, तेव्हा पेन्स यांनी ट्विटरवर लिहिलं होतं की अशी मागणी अपमानकारक आणि घटनाविरोधी आहे. २७ जानेवारी २०१७ ला ट्रम्प यांनी पेंटागॉनमध्ये प्रवासबंदीच्या आदेशावर सही केली. सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना तात्पुरता मज्जाव, निर्वासित योजना १२० दिवस बंद, आणि सीरियन निर्वासित बेमुदत बंद. त्या वेळी पेन्स शेजारी उभे होते. गव्हर्नर म्हणून जे त्यांना करता आलं नाही, ते राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने झालं. ६ जानेवारी २०२१ ला याच पेन्स यांनी निवडणुकीचा निकाल उलटवायला ठाम नकार दिला, तेव्हा जमाव त्यांच्या जिवावर उठला होता. ते धैर्य खरं होतं. म्हणूनच २०१५ चा तो आदेश मला अधिक बोचतो.

सल्लामसलत आणि संमती यांच्यातलं भांडण पुढे पुन्हा पेटलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांनी नवा आदेश काढला: यापुढे राज्य आणि स्थानिक प्रशासन, दोघांनी लेखी होकार दिल्याशिवाय तिथे निर्वासित वसवायचे नाहीत. अंदाज होता की नकारांची रांग लागेल. झालं उलटंच. चाळीसच्या आसपास गव्हर्नरांनी होकार कळवला, त्यांत रिपब्लिकन भरपूर. युटाच्या गव्हर्नरांनी तर आणखी निर्वासित पाठवा असं लिहिलं. आणि इंडियानातून डिसेंबर २०१९ मध्ये होकाराचं पत्र गेलं ते एरिक होल्कम्ब यांच्या सहीचं, जे आधी पेन्स यांचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. नकार दिला टेक्ससच्या ग्रेग ॲबट यांनी, १० जानेवारी २०२० ला. पाच दिवसांनी मेरीलँडचे फेडरल न्यायाधीश पीटर मेसिट यांनी तो आदेशच रोखला. कारण पुन्हा तेच: संसदेने राज्यांना विचारायला सांगितलं आहे, राज्यांना नकाराधिकार दिलेला नाही.

मग किल्ली नक्की कुणाकडे? आकडे पाहिले की उत्तर मिळतं. वार्षिक कमाल मर्यादा ओबामांच्या शेवटच्या वर्षी १,१०,००० होती. ट्रम्प यांनी ती उतरवत १५,००० वर आणली. बायडेन यांनी १,२५,००० वर नेली. २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि पहिल्याच दिवशी योजना थांबवण्याचा आदेश निघाला. २०२६ च्या आर्थिक वर्षाची मर्यादा ७,५०० ठरली, तीही बहुतांश दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर गोऱ्यांसाठी. दार उघडायचं की लावायचं हे वॉशिंग्टनमध्ये ठरतं. गव्हर्नर ठरवू शकतो ते उंबरठ्यावर आलेल्या माणसाशी त्याचं राज्य कसं वागेल हे.

पेन्स यांच्या कोलंबस गावाच्या उत्तरेला, गाडीने अगदी थोड्या अंतरावर, कॅम्प अटरबरी हा लष्करी तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे इटालियन युद्धकैदी ठेवले होते. त्यांनी स्वतः बांधलेलं आणि रंगवलेलं छोटं प्रार्थनाघर अजून उभं आहे. काबूल पडल्यानंतर, सप्टेंबर २०२१ पासून, याच तळावर सात हजारांहून अधिक अफगाण माणसं आली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली, समोर इंडियानाचा हिवाळा. गव्हर्नर होल्कम्ब यांच्या प्रशासनाने नॅशनल गार्डच्या केंद्रांवर देणग्या घ्यायला सुरुवात केली, आणि लोक गाड्या भरभरून नवे कपडे आणि तान्ह्या मुलांच्या वस्तू आणून देऊ लागले.